सातमोट्यांचा वेल

नर्मदाबाईला राग यायला कारण लागत नाही, असं डोंगरकड्यात सगळेच म्हणत. सगळे म्हणजे पुरुष. बायका तसं म्हणत नसत, कारण तिच्या रागाची कारणं त्यांना पाठ होती. पण त्या दिवशीचं कारण गावातल्या पुरुषांनाही दिसावं एवढं मोठं होतं. धनसिंग भाट गावात आला होता.

माघ महिना, पंचाहत्तर साल. मोठ्या दुष्काळानंतर पहिल्यांदा हळद बरी आली होती. नर्मदाबाई दिवस उगवल्यापासून दोन बाया लावून हळदीचे गड्डे मोडत होती आणि तिचे हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते. विधवेनं हळदीला बोट लावू नये म्हणणाऱ्या गावात तिचे हात दर साली दोन महिने पिवळे असत, आणि त्याला कुणाची हरकत नव्हती. ते काम होतं ना.

तेवढ्यात तिच्या थोरल्या दिराचा, माणिकरावाचा, गडी बांधावर येऊन उभा राहिला.

"भाट आला," तो म्हणाला. "मालकानं सांगितलं, दुपारी वही उघडायची हाय. वहीला वस्त्र तुमीच चढवायचं. अन् न्हाऊन या म्हणले, मांडीवर घ्यायचं हाय."

"कुणाला?"

"रामकिशनभाऊला."

रामकिशन माणिकरावाचा मधला मुलगा. चोवीस वर्षांचा, मिशा असलेला, बायको असलेला, एका रांगत्या लेकराचा बाप. असला बाप्या मांडीवर घेऊन त्याची आई व्हायचं, हे नर्मदाबाईला सहा महिन्यांपासून ऐकवलं जात होतं. तिच्या हातातला गड्डा कचकन मोडला.

"येते म्हणून सांग," ती म्हणाली.

भाट म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आता ते दिसेनासे झालेत. हे लोक वाशिमच्या पलीकडून कुठून तरी यायचे, पाच-सात वर्षांनी एकदा, सुगी घरात आली की. घोड्यावर दोन्ही अंगांना थैल्या आणि थैल्यांत लांबोळक्या वह्या. एका वहीत एका आडनावाचा वेल. ते आडनाव कुठून आलं, कुणी मिळवलं, कोण कुणाच्या पोटी जन्मला, कोण घर सोडून कुठं गेला आणि आज कोणत्या गावात त्या आडनावाची किती घरं आहेत, ते सगळं त्यात. भाट ती वही भावकीपुढं बसून वाचायचा, मागच्या खेपेनंतर जन्मलेल्यांची नावं लिहून घ्यायचा आणि धान्य-कपडा घेऊन पुढच्या गावाला जायचा. नावं म्हणजे मुलग्यांची. मुली लग्न होऊन दुसऱ्याच्या वेलात जातात म्हणून इथं त्यांना जागा नाही. आणि तिथं त्या सुना म्हणून जातात म्हणून तिथंही नाही. ज्याला मुलगा नाही त्याच्या नावापुढं भाट एक पोकळ गोल काढायचा. त्याचा अर्थ, वेल खुंटला.

नर्मदाबाईचा नवरा संतराम सातमोटे तीन वर्षांपूर्वी तापात गेला. मागं राहिली ती नर्मदाबाई, आता अठराची झालेली मुलगी पद्मा, एक घर आणि सातमोटेच्या विहिरीखालची आठ एकर काळी जमीन. माणिकरावाचा डोळा तिच्यावर, म्हणजे जमिनीवर, तेराव्याच्या जेवणापासून होता. तो काही हिसकावून घेणारा माणूस नव्हता. त्याला सगळं रीतीनं हवं असायचं. रामकिशन संतरामाला दत्तक द्यायचा, भाटाच्या वहीत तसं लिहून घ्यायचं, खाली पंचांच्या सह्या, आणि मग ती नोंद घेऊन जमीन रामकिशनच्या नावावर करायला जायचं. पद्माचं लग्न लावून दिलं की झालं. "भावाचं नाव चालावं म्हणून करतोय," असं तो पारावर सांगायचा, आणि लोक माना डोलवायचे.

नर्मदाबाईनं सहा महिने गुळणी धरली. मग हळद तयार झाली. हळद उपटली की चार-आठ दिवसांत शिजवावी लागते, नाहीतर कुजते. आणि शिजवायची मोठी लोखंडी कढई साऱ्या भावकीत एकच, ती माणिकरावाच्या गोठ्यापुढं पालथी. ती मागायला गेली तेव्हा माणिकराव नाही म्हणाला नाही. "कढईचं काय, घरचीच हाय. आधी घरचं काम उरकू," एवढंच म्हणाला. तेव्हा तिनं दात खाऊन उत्तर दिलं होतं, "भाट आला की लिवा." भाट नऊ वर्षांत आला नव्हता. तो मेला असं वसमतच्या बाजारात कुणीतरी सांगितलं होतं, आणि देवानं माफ करावं, पण तिला ते ऐकून बरं वाटलं होतं.

आणि आता तो जिवंत, टुणटुणीत, घोड्यासकट आला होता.

घरी पद्मा चुलीपुढं बसली होती. ती वसमतला मास्तरणीचा कोर्स करत होती आणि हळदीच्या कामाला म्हणून एसटीनं आली होती. तिला निरोप आधीच कळला होता.

"माय, तू जाऊ नको," ती म्हणाली. "कायद्यानं तुझ्या मर्जीबिगर दत्तक व्हत न्हाई. मला आमच्या बाईंनी सांगितलं."

"कायदा वसमतला ऱ्हातो. कढई इथं हाय." नर्मदाबाईनं पेटीचं झाकण उघडलं. "अन् न्हाई गेलं तर काय लिवतील म्हाईत हाय का? तुझ्या बापाच्या नावापुढं गोल काढतील. मग रामकिशन आला काय अन् न्हाई आला काय, रान भावकीचंच. आमी दोघी त्याच्या हिशोबात हावोतच कुठं."

ती पेटीत वस्त्र शोधत होती. वहीला वस्त्र चढवायचं म्हणजे जुनं बासन काढून वही नव्या कापडात बांधायची. ज्याच्या घरचं कार्य, त्याचं वस्त्र. ती जुनी रीत होती आणि माणिकरावाला रीत म्हटलं की चेव यायचा. दत्तक घेणारी बाई स्वतःच्या हातानं वस्त्र चढवते म्हणजे ती राजीखुशीनं घेते, हे चार माणसांनी बघावं, एवढाच त्याचा बेत. त्या वस्त्राबरोबर काय येतं, ते त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. पुरुषांच्या ध्यानात न राहिलेल्या गोष्टी ह्या घरात बायकांकडे असत.

पेटीच्या तळाशी सासूचा लाल खण सापडला. जनकाबाईचा. ती शेवटचे चार महिने अंथरुणावर होती तेव्हा नर्मदाबाईनं तिचं सगळं केलं, आणि त्या दिवसांत म्हातारी काय काय बोलायची. विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेला एक धोंडा आहे, त्याला सगळे मैनाई म्हणतात. मोट धरताना पुरुष त्याच्या पाया पडायचे, आता इंजिन चालू करताना पडतात. देवी आहे असं समजतात. "देवी न्हाई गं ती," जनकाबाई म्हणाली होती. "ह्या घरची लेक हाय. वहीत पयल्या पानावर हाय, पर त्ये पान कुणी वाचू देत न्हाई. माझ्या सासूनं सांगितलं मला. मी तुला सांगितलं. तुला सून न्हाई, तर पद्मीला सांग."

आणि आणखी एक गोष्ट तिनं सांगितली होती. वस्त्र चढवलं की भाट विचारतो, वही कुठून वाचू. चढवणारा सांगेल तिथून वाचावी लागते. विचारणं हा मान असतो. पण आजवर सगळे पहिलं पान सोडून एकच उत्तर देत आले, "बळवंतरावापासून."

नर्मदाबाईनं खणाची नीट घडी घातली. मग उठून तिनं तोंडावर पाणी मारलं. हात धुतले, पण हळद कुठं निघते.

माणिकरावाच्या अंगणात मांडव घातल्यासारखी माणसं जमली होती. सतरंज्या अंथरल्या होत्या, चुलीवर चाळीस माणसांचं वरण शिजत होतं. पुरुष पुढं, बायका ओसरीच्या आत दाराआड. मधोमध धनसिंग भाट, पांढरा फेटा, कानात बाळ्या, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. रामकिशन नवं धोतर नेसून एका पाटावर खाली मान घालून बसला होता. त्याच्या शेजारी रिकामा पाट, नर्मदाबाईचा.

"ये, पद्मीची माय," माणिकराव गोड आवाजात म्हणाला. "बस. वस्त्र आणलं का?"

तिनं पदर सावरला आणि पाटावर न बसता भाटापुढं जमिनीवर बसली. वहीचं जुनं फाटकं बासन सोडलं. आतली वही हातभर लांब, कडा उंदरानं खाल्लेल्या. तिनं सासूचा खण खाली अंथरला, त्यावर वही ठेवली आणि कपाळ टेकवलं. भाटानं रीतीप्रमाणं हात जोडले.

"वस्त्र चढलं. बोला बाई, सातमोट्यांचा वेल कुठून वाचू?"

"बळवंतरावापासून," माणिकराव म्हणाला.

"पयल्या पानापासून," नर्मदाबाई म्हणाली.

भाटाचा हात वहीवर थांबला. त्यानं चष्म्यावरून माणिकरावाकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"बळवंतरावापासून वाचा," माणिकराव पुन्हा म्हणाला. "तसंच वाचत आलेत. काहून उगीच टाइम घालवायचा? लोक उपाशी हायेत."

"मालक, हक हिचा हाय," भाट हळूच म्हणाला. "वस्त्र तुमीच हिच्या हातून चढवलं."

"भाऊजी, तुमालाच रीत लागती ना?" नर्मदाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मंग रीतीनं व्हऊ द्या. पोरगं मांडीवर घ्यायचं तर कोणाच्या घरात घेऊन राहिले, ते मुळापासून ऐकू द्या मला. सव्वीस वर्षं ह्या घरात हावो, एकदाबी पयलं पान ऐकलं न्हाई."

म्हातारे किशनराव, भावकीतले सगळ्यांत वडील, भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "वाचू दे रे माणिक. मीबी कधी ऐकलं न्हाई." त्यांच्यापुढं माणिकरावाचं चालत नसे. त्यानं हात झटकला.

धनसिंगनं खाकरून गळा साफ केला, एका हाताचा पंजा कानावर ठेवला आणि सुरात सुरुवात केली. आडनावाचा थाट असा की अंगणातल्या प्रत्येक पुरुषाची पाठ आपोआप ताठ झाली. मूळ पुरुष बहिर्जी. गोदेकाठचं वतन सोडून एक बैल आणि एक कुदळ घेऊन निघाला. कयाधू उतरून ह्या पांढरीवर आला. रान कोरडं, कुणी वसत नव्हतं. बहिर्जीनं विहीर धरली. चार उन्हाळे खणली, सात पुरुष खोल गेली, पाणी लागलं नाही. इथवर सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचंही ठाऊक होतं, की बहिर्जीनं पाणी काढलं, विहिरीवर सात मोटा एकदम चालल्या, म्हणून सातमोटे. लोक माना हलवून पुढच्या शब्दांची वाट बघत होते.

भाट थांबला. मग खालच्या आवाजात, सूर सोडून, त्यानं वाचलं.

"पाचव्या उन्हाळ्यात बहिर्जी दरड कोसळून विहिरीतच मेला. त्यास पुत्र नाही. कन्या एक, मैना. मैनेनं बाप बाहेर काढला आणि विहीर पुढं धरली. दोन उन्हाळे खणली. पाणी लागलं. सात मोटा एका वक्ती चालवल्या. लोक तिला सातमोटेची मैना म्हणू लागले. आडनाव तिथून चाललं. मैनेनं पुसदेकडचा नवरा करून घरी आणला. त्याचं आडनाव लिहिलं नाही. तो सातमोटे झाला. मैनेस पुत्र एक, बळवंतराव."

नर्मदाबाईलाही एवढं ठाऊक नव्हतं. सासूनं लेक सांगितली होती, घरजावई सांगितला होता. विहीर कुणी सांगितली नव्हती. ते सासूच्या सासूलाही माहीत नसावं. तिला वाटलं होतं हे ऐकून जीव थंड होईल. उलट तळपायाची आग मस्तकात गेली. बापाचं प्रेत दरडीखालून उपसून त्याच खड्ड्यात पुन्हा उतरलेली पोरगी, आणि ह्यांनी तिचं पान उलटून ठेवलं, तिला धोंडा करून शेंदूर फासला आणि तिच्याच पाया पडून तिच्याच लेकींना घराबाहेर काढलं.

"खोटं हाय," माणिकराव उभा राहिला. "कुणीतरी मागून घुसडलं. आमी काय जावयाची अवलाद हावो?"

"मालक, माझ्या पणज्याचा हात हाय हा," भाट म्हणाला. "तुमच्या वडलांनी माझ्या बापाला कालवड दिली अन् सांगितलं, हे पान वाचत जाऊ नको. माझ्या बापानं वाचलं न्हाई, मीबी वाचलं न्हाई. पर हे खोटं म्हणलं तर पुढचीबी सगळी खोटी. तुमचा बळवंतरावबी खोटा, अन् तुमीबी."

हे ऐकून मागच्या सतरंजीवर कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं. माणिकरावाचं तोंड लाल झालं.

"ठीक हाय," तो म्हणाला. "शे-दीडशे वर्षांमागची गोष्ट. तिचा आजच्या कामाशी काय संबंध? धनसिंग, लिव. संतराम सातमोटे, दत्तक पुत्र रामकिशन."

"थांबा," नर्मदाबाई म्हणाली. "अजून घरं मोजायची हायेत. सांग भाऊ, सातमोट्यांची आज घरं किती?"

भाटानं पानं उलटली. "डोंगरकड्यात एकोणीस. कळमनुरीत अकरा. वसमतला सहा, हिंगोलीला चार, पुसदेकडं आठ. अठ्ठेचाळीस."

"ह्यातली बहिर्जीच्या पोराची किती?"

"त्याला पोरगाच नव्हता, बाई."

"मंग ही अठ्ठेचाळीस कुणाची?"

धनसिंगनं चष्मा काढून पुसला. "मैनेची," तो म्हणाला.

"ऐकलं का भाऊजी?" आता मात्र तिचा आवाज चढला, आणि एकदा चढला की तो खाली येत नसे हे भावकीला माहीत होतं. "त्या रोजी हा भाट तुमच्यासारख्याच्या अंगणात बसला असता, तर बहिर्जीच्या नावापुढं गोल काढला असता. वेल खुंटला म्हणला असता. तुमी झाला नसता. तुमचे वडील झाले नसते. ही कढई न्हाई, हा गोठा न्हाई, ही अठ्ठेचाळीस घरं न्हाईत. लेक होती म्हणून तुमी हाव. अन् माझ्या लेकीला इथं उभं ऱ्हायला जागा न्हाई म्हणता? हळद कुजंल म्हणून मला धमकावता? मी तीन वर्षं त्या विहिरीचं पाणी धरून राहिले. तुमचा रामकिशन एक रोज तरी माझ्या रानात आला का? आला का रे?"

रामकिशन पाटावर बसून होता. त्यानं मान वर केली, बापाकडं पाहिलं, आणि उठला.

"बाबा, मला न्हाई बसायचं कुणाच्या मांडीवर," तो म्हणाला. "चोवीस वर्षांचा घोडा हावो मी. लोक हसून राहिले." आणि नवं धोतर सावरत मागच्या दारानं निघून गेला. बिचाऱ्याला कदाचित सहा महिने हेच म्हणायचं होतं.

माणिकरावानं आजूबाजूला पाहिलं. त्याला वाटलं असावं कुणीतरी बोलेल. किशनराव जमिनीकडं बघत होते. "मी रोज त्या धोंड्यावर पाणी घालतो," ते स्वतःशीच म्हणाले, "अन् मला म्हाईत न्हाई कुणावर घालतो."

"कढई मिळणार न्हाई," माणिकराव नर्मदाबाईला म्हणाला. "ध्यानात ठेव."

"नगा देऊ. घागरीत शिजवीन. पाच घागरी हायेत माझ्या. रात अन् दिवस एक करीन, पर तुमच्या दारात कढई मागाया येणार न्हाई."

माणिकराव तसाच बाहेर पडला. त्याच्यामागं त्याची माणसं गेली, मग उरलेलेही एकेक करून उठले. यजमानच नाही तर जेवायचं कसं. चाळीस माणसांचं वरण चुलीवर तसंच राहिलं. अंगणात भाट, किशनराव आणि दाराआडून पुढं सरकलेल्या बायका एवढीच माणसं उरली. पद्मा आईच्या मागं येऊन बसली होती.

"आता काय लिवू?" धनसिंगनं टाक दौतीत बुडवला. "बाई, माझ्या हातानं आजवर लेकीचं नाव लिवलं न्हाई."

"तुझ्या पणज्यानं लिवलं. त्याचाच हात हाय ना वहीला?"

किशनराव म्हणाले, "लिव. पंच म्हणून मी सही करतो."

भाटानं लिहिलं. संतराम सातमोटे. लेक पद्मा. वेल चालू. पद्मानं वाकून ते दोनदा वाचलं, आणि मग बोट ठेवून तिनं मधल्या अर्ध्या रिकाम्या ओळीकडं दाखवलं.

"इथं काय लिवतात?"

"तिथं बायकोचं माहेर. हाय की लिवलेलं. कनेरगावची."

"नाव?"

"नाव नसतं, पोरी. माहेर असतं फक्त."

पद्मा आईकडं बघू लागली. नर्मदाबाई त्या ओळीकडं बघत होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण आपलं नाव नाही हे कळायला अक्षर लागत नाही. सहा महिने ती ह्या वहीसाठी झगडली, जमिनीसाठी झगडली, लेकीसाठी आणि मेलेल्या मैनेसाठी भांडली, आणि ती स्वतः तिथं नव्हतीच. नुसतं एक गाव होतं.

"लिवतो," भाट म्हणाला. आज त्याला सगळंच नवीन होतं. "बायको नर्मदाबाई."

"नको," ती म्हणाली. "नर्मदा ह्या घरानं ठेवलेलं नाव हाय. बोहल्यावर तांदळात लिवलं अन् तवापासून मी नर्मदा. मला कुणी विचारलं न्हाई. भिकाबाई लिव."

पद्मानं दचकून पाहिलं. हे नाव तिनं अठरा वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं.

"माझ्या आधी माझ्या मायची तीन पोरं गेली," नर्मदाबाई म्हणाली. ती बोलत होती लेकीशी, पण बघत होती भाटाकडं. "मी तरी जगावं म्हणून झाले तवा पाच घरी सूप फिरवून मला भीक मागून आणली. भिकी म्हणायचे. मी जगले, मंग माझ्या पाठीवर चार भाऊ जगले. मला लाज वाटायची त्या नावाची. आता न्हाई वाटत. लिव."

धनसिंगनं लिहिलं. मग टाक खाली ठेवायच्या आत तिनं विचारलं, "कनेरगावच्या शेळवण्यांची वही तुझ्याकडंच हाय ना?"

"हाय. उद्या तिकडंच जाणार."

"काढ."

त्यानं थैलीतून दुसरी वही काढली. हिचं बासन हिरवं होतं. सोनाजी शेळवणे, तिचा बाप, ते पान सापडायला वेळ लागला. भाटानं वाचलं, "सोनाजी. पुत्र चार." आणि पुढं चार भावांची नावं. त्याच्या पुढं त्यांची मुलं, आणि त्यांची घरं मोजलेली.

"मेलेली तीन?"

"ती बी हायेत. बाळपणी वारले म्हणून लिवलंय."

नर्मदाबाई पानावर वाकली. जे जगले नाहीत ते होते, आणि त्यांच्यानंतर भीक मागून आणलेली, जगलेली, चार भावांना पाठीवर घेऊन वाढवलेली नव्हती. तिचा बाप तिला फार जपायचा. त्यानंच ही नावं सांगितली असणार.

"ह्या वहीला वस्त्र त्यांचं," धनसिंग घाईनं म्हणाला. "त्यांच्या शब्दाबिगर मला अक्षर लिवता येत न्हाई, बाई. रीत..."

"मी कुठं अक्षर लिव म्हणते?"

तिनं शेजारच्या तांब्यात आपला अंगठा बुडवला. सकाळपासून हळदीत मुरलेला, धुऊन न गेलेला. आणि तीन मेलेल्या भावांच्या नावानंतर, चार जगलेल्यांच्या आधी जी बोटभर जागा होती, तिथं तो दाबून धरला. उचलला तेव्हा पानावर पिवळा धमक ठसा उठला होता, रेघ न् रेघ दिसत होती.

भाटानं वही मिटायला हात पुढं केला आणि मागं घेतला. ठसा ओला होता.

"कनेरगाववाले विचारतील ना हे काय म्हणून," तो म्हणाला. "काय सांगू?"

"सांग, भिकीचा अंगठा हाय," ती म्हणाली. "मोजायची राहिली होती."